होटगीला गेलेल्या गाठी

विमल म्हेत्रेचा मला पहिल्यांदा हेवा वाटला तो एका शब्दावरून. शब्द होता ‘पंगत’.

सत्तरच्या दशकात आमच्या सोलापुरातल्या कापड गिरणीनं कंप्युटर घेतला. मी तेव्हा गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. टायपिंगच्या परीक्षेत माझा पहिला वर्ग होता, इंग्रजीही बरं होतं, त्यामुळे नव्या विभागात मला घेतलं जाणार हे ठरल्यासारखंच होतं. माझ्याबरोबर आणखी एक मुलगी घेतली, ती विमल. वैरागची. वडिलांचं बाजारात चहाचं दुकान. मॅट्रिक होऊन मामाकडे सोलापूरला राहायला आली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. पंचिंगचा तिचा वेग माझ्यापेक्षा कमी होता, हे मी आजही ठणकावून सांगते.

पंचिंग म्हणजे टाइपरायटरसारख्या मशीनवर बोटं चालवायची आणि अक्षरांऐवजी जाड कागदाच्या कार्डांना भोकं पडत जायची. ती भोकं कंप्युटर वाचायचा. हे काम पुष्कळांना माहीत असतं. आम्ही दोघी त्याच्या पुढचं एक काम करायचो. ते कुणाला माहीत नसतं, म्हणून जरा समजावून सांगते.

प्रोग्रॅम हा एकसंध नसतो. आमच्या गिरणीतून माल जायचा त्याच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्रॅम घ्या. त्यात व्यापाऱ्यांच्या मागण्या वाचणारा एक भाग, कुठल्या नंबराचं गाव कुठलं हे जाणणारा दुसरा, गाठींचा हिशेब करणारा तिसरा आणि चिठ्ठी छापणारा चौथा. हे भाग वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेले, वेगवेगळ्या टेपांवर ठेवलेले. ते सगळे गोळा करून, नीट जोडून, एकच तयार प्रोग्रॅम एका टेपवर ठेवायचा, म्हणजे चालवणाऱ्यानं ती टेप चढवली की काम सुरू. ही जोडणी करायला मशीनबरोबर एक वेगळाच प्रोग्रॅम आला होता. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आम्ही त्याला ‘बांधणी’ म्हणायचो, कारण खाली पॅकिंग खात्यात कापडाचे तागे गोणपाटात गुंडाळून, प्रेसमध्ये दाबून, लोखंडी पट्टी मारून गाठ बांधतात तसंच हे.

पण ही बांधणी स्वतःहून काही करत नसे. तिला कार्डांवरून सांगावं लागे: कुठले भाग घे, कुठल्या क्रमानं घे, आधी कुठल्या टेपवर शोध, झालेल्याला काय नाव दे. ही कार्डं तयार करणं हे आमचं काम. त्यात एक खोच होती. एकाच नावाचा भाग दोन टेपांवर असला तर बांधणी पहिला सापडेल तो उचलायची आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहायची नाही. चुकलंय असं सांगणार नाही, अडणार नाही, थांबणार नाही. गपगुमान जुना भाग बांधून मोकळी.

आता पंगत.

आमच्या मशीनची स्मरणशक्ती अगदी तोकडी होती. मोठा प्रोग्रॅम एका वेळी आत मावत नसे. मग त्याचे तुकडे पाळीपाळीनं आत आणायचे, एक बाहेर गेला की त्याच जागेवर दुसरा. कुठला तुकडा कुणाच्या जागेवर बसणार हेही आमच्याच कार्डांनी सांगायचं. हा भाग मला मुळीच समजेना. अख्खा मे महिना इंग्रजी पुस्तक घेऊन बसले आणि शेवटी तो पक्का आत्मसात केला. (मे महिन्यात बसायला त्रास नव्हता. सबंध गिरणीत थंड हवा फक्त आमच्या खोलीत. सोलापूरच्या उन्हात कुणाकुणाला आमच्या खोलीत कामं निघत, त्याची गणतीच नव्हती. एक अडत्या तर कंप्युटर पाहायला म्हणून नारळ घेऊन आला, चपला बाहेर काढल्या, आणि नमस्कार करून दुपारभर खुर्चीत डुलकी काढून गेला.)

तर एकदा मालकांचे मेहुणे मशीन पाहायला आले. आमचे साहेब, म्हणजे कामतसाहेब, मुंबईहून आलेले, बोलायला मोजके. पाहुण्यांनी विचारलं, “एवढा मोठा प्रोग्रॅम एवढ्याशा पेटीत मावतो कसा?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरुवात केली. दोन-तीन वाक्यांत पाहुण्यांची नजर घड्याळाकडे गेली.

मागून विमल म्हणाली, “पंगतीवानी हाय, साहेब. घर ल्हान, पावनं लई. पयली पंगत उटली की दुसरी बसती. वाढपी तेवढा मदी उभा ऱ्हातो.”

पाहुणे खळखळून हसले. कामतसाहेबांना मी हसताना प्रथम पाहिलं. त्या दिवसापासून सगळं ऑफिस त्या कार्डांना ‘पंगतीची कार्डं’ म्हणू लागलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिचं उदाहरण बरोबर होतं. वाढप्यासकट बरोबर होतं. प्रोग्रॅमचा एक मुख्य तुकडा खरंच कायम आत राहतो. मी सगळा उन्हाळा घालवून जे मिळवलं ते तिनं डब्यातली चटणी वाढावी तसं वाढून टाकलं.

डब्यावरूनही सांगते. तिच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी. दुपारी अकाउंट्समधले लोकसुद्धा तिच्या डब्याभोवती. माझा डबा मी एकटीनं संपवायचे. हे लिहिण्यासारखं आहे का, असं मनात आलं, पण या अंकाच्या संपादकांनी ‘कंप्युटरच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल मोकळेपणानं लिहा’ असं सांगितलंय, आणि माझ्यापुरते ते दिवस असेच होते.

हळूहळू कळलं की बांधणीच्या कामासाठी एक वेगळी जागा निघणार आहे. कंट्रोल असिस्टंट. जी निवडली जाईल तिला शिक्षणासाठी मुंबईला पाठवणार. उमेदवार दोघीच. मी मनात खुर्ची, टेबल, टेबलावरची काच, सगळं मांडून ठेवलं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी गिरणीनं कर्नाटकातल्या गावांचे नंबर बदलले. कुठलंसं नवं कोठार उघडलं आणि त्यापायी जुने नंबर इकडचे तिकडे झाले. आधी जो नंबर गुलबर्ग्याचा होता तो विजापूरला गेला आणि विजापूरचा गुलबर्ग्याला. गावं जाणणारा भाग नव्यानं लिहून नव्या टेपवर ठेवला. जुना जुन्या टेपवर तसाच राहिला, कारण त्या टेपवर बाकीचे पुष्कळ भाग होते. नाव दोन्हीचं एकच. म्हणजे नवी टेप आधी शोधायला सांगायची, जुनी नंतर. एवढीच काळजी.

ती बांधणी विमलनं केली. चिठ्ठ्या छापल्या, खाली पॅकिंगला गेल्या, तिथं चिठ्ठ्या बघून गाठींवर शाईनं गावांची नावं, म्हणजे मारके, उठले, गाठी रेल्वेनं होटगीकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजापूरचे एक व्यापारी आले, शिवप्पा नावाचे. मराठी बोलायचे पण रागावले की कानडीत शिरायचे. कंप्युटरवर आपलं नाव छापलं जातं हे त्यांना ऐकून ठाऊक होतं, ते बघायला आले होते. कामतसाहेबांनी मोठ्या कौतुकानं त्यांच्या चिठ्ठीची कार्बन प्रत काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा चढवला, नाव वाचलं, खूष झाले. मग खाली वाचलं.

“साहेब, नाव माझं हाय. गाव गुलबर्गा.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मी विजापूर कधी सोडलं हो?”

साहेबांनी प्रत परत घेतली. दुसरी काढली, तिसरी काढली. शिवप्पा आता कानडीत बोलत होते, अर्थ असा: “दिवाळीला दुकानात काय ठेवू? गुलबर्ग्याचा माल माझ्याकडं, माझा गुलबर्ग्याला!” साहेब प्रिंटरवरच्या माणसावर ओरडले. तो बिचारा म्हणाला, “साहेब, मशीन देतं ते मी छापतो.”

मला तिथल्या तिथे कळलं होतं. दोन गावांची अदलाबदल म्हणजे जुना भाग बांधला गेला, दुसरं काही असूच शकत नाही. आणि मला आनंद झाला. इतका की तोंडावर दिसेल म्हणून मी टेपांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिले.

मग विमलजवळ गेले. “कुठली टेप आधी होती गं?”

तिचा चेहरा उतरला. ती टेपांच्या मशीनपाशी गेली, बघून परत आली. “बाई, पयल्या डायव्हचं डोस्कं खराब व्हतं त्या दिवशी. नवी टेप वाचंना, जुनी वाचायचं. म्हून नवी टेप दुसऱ्यावर चढवली, जुनी पयल्यावर. कार्ड तेच ऱ्हायलं की वं.”

कार्डावर टेपेचं नाव नसे, टेप चढवायच्या ड्राइव्हचा नंबर असे; म्हणजे कार्ड सांगत होतं ‘आधी पहिल्यावर शोध’, आणि पहिल्यावर होती जुनी. आता हे साहेबांना कुणी सांगायचं, कसं सांगायचं, याची जुळवाजुळव मी मनात करते आहे तोवर ती साहेबांच्या समोर जाऊन उभीसुद्धा राहिली.

“साहेब, माजी चूक हाय.” आणि टेपेचं, कार्डाचं, सगळं सांगितलं. शिवप्पांच्या देखत. शिवप्पा कानडीतून मराठीत परत आले.

साहेब म्हणाले, “गाठी कुठं असतील?”

गाठी होटगीला असणार होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तेव्हा होटगीला मोठ्या लाइनपासून विजापूरकडची छोटी लाइन फुटायची. विजापूरचा माल मोठ्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरवून छोट्या वाघिणीत चढवावा लागे. गुलबर्ग्याचा मोठ्या लाइननंच पुढं जाई. म्हणजे होटगीला गाठलं तर गाठलं, नाहीतर दिवाळी होऊन जाईल.

मी कार्ड बदललं, पुन्हा बांधणी केली, नव्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. पहिल्या चिठ्ठीवर शिवप्पांच्या नावाखाली ‘विजापूर’ आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. तोवर विमल पॅकिंगचे मुकादम गफूरचाचा यांना घेऊन आली. त्यांच्या हातात मारके मारायच्या पत्र्याच्या पट्ट्या, ब्रश आणि शाईचा डबा. गिरणीच्या जीपमधून आम्ही तिघं होटगीला निघालो.

धक्क्यावर अर्ध्याअधिक गाठी छोट्या लाइनच्या वाघिणीत चढल्या होत्या, आणि विजापूरचा मारका असला तरी त्यांतल्या बहुतेक खऱ्या गुलबर्ग्याच्या होत्या; शिवप्पांच्या अजून मोठ्या वाघिणीत पडून होत्या. रेल्वेचा मालबाबू म्हणाला, “चढलेला माल मी उतरवत नाही. तुमच्या साहेबांना लेखी अर्ज करायला सांगा.” मी त्याच्याशी बोलू लागले. शुद्ध मराठीत बोलले, मग इंग्रजीत बोलले. त्यानं इंग्रजीतच ‘नाही’ म्हटलं.

इकडं विमल हमालांत जाऊन उभी होती. “दादा, माज्या हातनं चूक झाली. कुनाची न्हाय, माजीच. त्याच्यापायी तुमाला दुबार उचलायला लागतंय. पर त्या दुकानदाराची दिवाळी हाय वं त्यात.”

हमालांचा म्होरक्या मिशीवाला, म्हातारा. तो तिच्याकडं बघत राहिला. “हापिसातली बाई चूक झाली म्हन्ती,” तो बाकीच्यांना म्हणाला. “ऐकलंय का कदी?” सगळे हसले. आणि उठले. गाठी उतरायला लागल्या तसा मालबाबू दोन-तीनदा खाकरला आणि शेवटी स्वतःच येऊन कुठली गाठ कुठं ठेवायची ते सांगू लागला.

दुपारभर आम्ही त्या गाठींवर वाकून होतो. जुनं गाव काळ्या पट्ट्यानं खोडायचं, शेजारी पत्र्याची पट्टी धरायची, ब्रश फिरवायचा, नवं गाव उठवायचं. गोणपाट तापलेलं, शाईचा वास डोक्यात चढणारा. गफूरचाचा म्हणाले, “बाई, वो मशीन ठंडी हवा में बैठ के गलत लिखती, और हम धूप में बैठ के मिटाते.” विमल हसली. मीही हसले असते, पण ते तिच्याकडे बघून बोलले होते.

गाठी वेळेत गेल्या. शिवप्पांची दिवाळी नीट झाली. परतीच्या जीपमध्ये मी दमले होते तरी आतून हलकी होते. मुंबई आता माझी होती. चूक तिची, शोधली मी, दुरुस्त केली मी.

दोन-चार दिवसांनी साहेबांनी दोघींना बोलावलं. मला म्हणाले, “कुलकर्णीबाई, तुम्ही अचूक ओळखलंत. गिरणी तुमची आभारी आहे.” मग विमलला म्हणाले, “म्हेत्रे, तुम्ही मुंबईला जायची तयारी करा.”

विमल बाहेर गेल्यावर मी थांबले. साहेबांना ‘का’ असं मी नोकरीत एकदाच विचारलं, ते तेव्हा.

साहेब म्हणाले, “या कामात चूक होणारच. आज नाही तर उद्या. प्रश्न एवढाच की झालेली चूक मला किती लवकर कळते. तिच्या बाबतीत आता मला माहीत आहे. तुमची कधी झालीच नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत मला काहीच माहीत नाही.”

मी बाहेर आले आणि पंचिंग मशीनवर बसले. त्या दिवशी मला तिच्या चुकीचा हेवा वाटला. माणसानं दुसऱ्याच्या हुशारीचा हेवा करावा, रूपाचा करावा, संसाराचा करावा. चुकीचा हेवा करणारी मी सोलापुरात एकटीच असेन. कितीतरी वर्षं मी साहेबांना मनात उत्तरं देत राहिले. मीही सांगितलंच असतं की! पण ते सिद्ध करायला आधी चुकावं लागलं असतं, आणि ते माझ्या हातून होईना.

विमल मुंबईहून परतली ती माझी वरिष्ठ होऊन. तिनं आल्याआल्या नियम केला: बांधणीची कार्डं मशीनला देण्याआधी दुसऱ्या माणसानं बघायची. दुसरं माणूस म्हणजे मी. नियम चोख होता, म्हणून जास्तच लागला. ती मात्र पूर्वीसारखीच ‘बाई, जरा बघा की’ म्हणत कार्डं माझ्यापुढं धरायची. मी बघायचे. काही सापडावं असं वाटायचं, आणि सापडलं तर लगेच सांगायचे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकदा तिनं पंगतीची कार्डं अशी काही मांडली होती की नेहमी रखडणारा प्रोग्रॅम सुरळीत चालू लागला. मी ती कार्डं हातात घेऊन पुष्कळ वेळ बघत बसले. ‘छान केलंस’ हे दोन शब्द तोंडात आले होते. मी म्हटलं, “ठीक आहे, दे मशीनला.” त्याची मात्र आज रुखरुख वाटते.

पुढं तिचं लग्न ठरलं. मुलगा मंगळवेढ्याचा, प्राथमिक शाळेत शिक्षक. तिनं राजीनामा दिला. कामतसाहेबांनी बसवून समजावलं, पगार वाढवतो म्हणाले. ती म्हणाली, “साहेब, रोज येश्टीनं जमायचं न्हाय.” एवढंच. मला ज्याच्यासाठी झोप लागत नव्हती ते तिनं एसटीच्या एका वाक्यात खाली ठेवलं.

खुर्ची मला मिळाली. टेबलावर काचसुद्धा होती. मी ते काम चोख केलं, याबद्दल शंका नको. पुढं गिरणी बंद पडली, मी दुसरीकडे लागले. कार्डं गेली, टेपा गेल्या, मशीनं टेबलावर मावतील एवढी झाली. पण भाग गोळा करायचे, क्रमानं लावायचे, नवं आधी शोध म्हणून सांगायचं, हे कुठं गेलं नाही. नव्या पोरांना मी ते शिकवलं आणि शिकवताना ‘पंगत’ हाच शब्द वापरला. दुसरा इतका चांगला नव्हताच. कुणाचा आहे ते सांगत असे, पण जरा हळू आवाजात.

निवृत्त झाल्यावर एका नातेवाइकाच्या वास्तुशांतीला मंगळवेढ्याला गेले होते. तिथं कुणीतरी म्हणालं, माहेरच्या म्हेत्रे, त्या मास्तरीणबाई बाजारात पिठाची गिरणी चालवतात. मी गेले.

गिरणी बंद होती, पट्टा बदलणं चाललं होतं. विमल पदर खोचलेली, केस पिठानं पांढरे की वयानं ते कळेना. तिनं मला पाहिलं आणि क्षणात ओळखलं. “अगं बया! कुलकर्णीबाई!” हात धुऊन आली, मला बाकावर बसवलं, समोरून चहा मागवला. मुलांचं, सुनांचं, सगळं सांगितलं. मी होटगीचं काढलं. ती आठवायचा प्रयत्न करत राहिली. “व्हय का? होटगीला गेलो व्हतो आपन? न्हाय बा ध्यानात.” मी शिवप्पांचं सांगितलं, टेपांचं सांगितलं. ती कौतुकानं ऐकत होती, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट.

तेवढ्यात मास्तर आले. तिनं त्यांना हाक मारली. “अवो, या की हिकडं. या आमच्या हापिसातल्या कुलकर्णीबाई. लई हुशार. कंप्युटरचं समदं काम याच बघायच्या. मी आपली यांच्या हाताखाली व्हते.”

मास्तरांनी हात जोडले. मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, “उलटं होतं, मास्तर. या माझ्या वरिष्ठ होत्या. मुंबईला यांना पाठवलं होतं, मला नाही.”

विमल हसतच सुटली. “काय मस्करी करत्यात बगा! मी कसली वरिष्ट? मुंबईला गेलते ते ध्यानात हाय, समुद्र बगितला. पर साहेब याच व्हत्या.”

“नाही गं. खरंच तू होतीस. आणि छान काम करायचीस.”

“असू द्या, असू द्या,” ती म्हणाली आणि माझ्या हातावर थोपटलं. मास्तरही हसत होते. पाहुणीचा मोठेपणा आहे, असं त्यांना वाटलं असावं.

पट्टा बसला. बाहेर ज्वारीचे डबे घेऊन बायका थांबल्या होत्या. मी उठले. तिनं सांगितलं, परत या, हुरड्याला या. मी स्टँडच्या रस्त्याला लागले. कोपऱ्यावर वळताना मागं पाहिलं. म्हटलं, दारात उभी असेल. दारात कुणी नव्हतं. गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला.